लायसन्सची परीक्षा आणि रस्त्याचा कायदा

महाराष्ट्रात गाडी चालवण्याचे पक्के लायसन्स हाती पडण्याआधी दोन परीक्षा द्याव्या लागतात. पहिली संगणकावर, शिकाऊ लायसन्ससाठी. दुसरी प्रत्यक्ष गाडीवर, आरटीओच्या मैदानात किंवा ट्रॅकवर. धास्ती असते ती दुसरीची. आठचा आकडा काढताना पाय टेकेल का, गाडी मागे घेताना खांबाला लागेल का, याची तालीम अनेक दिवस चालते. पहिली परीक्षा मात्र बहुतेक जण आदल्या रात्री मोबाइलवर प्रश्नसंच चाळून उरकतात. गाडी वळवण्याचे कौशल्य सरावाने पुढेही वाढत जाते. कोणाला आधी जाऊ द्यायचे, कुठे थांबायचे आणि कधी पुढे जायचे नाही, हे ज्ञान नंतर क्वचितच कोणी मुद्दाम मिळवते. म्हणून पहिल्या परीक्षेच्या अभ्यासाकडे दुर्लक्ष करणे महागात पडते.

मोटार वाहने हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत येतो. त्यामुळे मूळ कायदा केंद्राचा आहे आणि त्याची अंमलबजावणी राज्याचा परिवहन विभाग आणि वाहतूक पोलीस करतात. १९१४ आणि १९३९ च्या ब्रिटिशकालीन कायद्यांनंतर आलेला मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून लागू आहे. त्याच्या जोडीला केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ आणि महाराष्ट्र मोटार वाहन नियम, १९८९ आहेत. रस्त्यावर प्रत्यक्ष कसे वागायचे ते सांगणारे विनियम २०१७ मध्ये नव्याने काढण्यात आले. २०१९ च्या दुरुस्तीने दंड अनेक पटींनी वाढवले. मात्र बऱ्याच गुन्ह्यांत जागेवर भरून मोकळे होण्याचे तडजोड शुल्क ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे आहे. महाराष्ट्राने हे नवे दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. कायद्याच्या पुस्तकातला दंड आणि हाती आलेल्या ई-चलानवरची रक्कम नेहमी जुळत नाहीत, त्याचे एक कारण हे आहे.

शिकाऊ लायसन्ससाठी वयाची अट १८ वर्षांची आहे. ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी पालकांच्या संमतीने १६ वर्षे पुरतात, पण तेवढ्या छोट्या इंजिनाची पेट्रोल स्कूटर आता बाजारात शोधावीच लागते. १०० किंवा १२५ सीसीची स्कूटर घेऊन अकरावीच्या क्लासला जाणारा मुलगा या सवलतीत बसत नाही. अर्जासोबत प्रकृतीबद्दलचे स्वयंघोषणापत्र भरावे लागते. पंचवीस मीटरवरची नंबरप्लेट चांगल्या उजेडात वाचता येते का, हा त्यातलाच एक प्रश्न. चाळिशी ओलांडलेल्यांना आणि व्यावसायिक वाहन चालवणाऱ्यांना डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे लागते. २०२१ पासून आधार कार्डाच्या मदतीने ही परीक्षा घरी बसूनही देता येते. त्यामुळे आरटीओतली रांग कमी झाली. मात्र पडद्यासमोर उमेदवारच बसला होता की त्याचे काम दुसऱ्याच कोणी केले, ही शंका तेव्हापासून कायम आहे.

परीक्षेत काय विचारायचे हे केंद्रीय नियमांनी ठरवून दिले आहे. वाहतुकीची चिन्हे, सिग्नल आणि रस्त्याचे नियम हा पहिला आणि सर्वांत मोठा भाग. त्यानंतर अपघात झाल्यास चालकाची कर्तव्ये, फाटकवाला नसलेले रेल्वे क्रॉसिंग ओलांडताना घ्यायची काळजी आणि गाडीसोबत ठेवायची कागदपत्रे. साठ टक्के उत्तरे बरोबर आली की उमेदवार पास होतो. ही सवलत उदारच म्हणावी लागेल, कारण दहातले चार प्रश्न चुकलेला माणूसही कायद्याने रस्त्यावर येऊ शकतो, आणि चुकलेल्या चारांत ‘थांबा’चा प्रश्न होता का, हे कोणी पाहत नाही.

चिन्हे पाठ करणाऱ्याला ती शंभराहून अधिक वाटतात. त्यांच्या आकारामागची रीत कळली की पाठांतर निम्म्यावर येते. गोल चिन्ह हुकूम देते आणि ते मोडणे हा गुन्हा असतो. लाल कडेचे वर्तुळ मनाई करते: प्रवेश बंद, यू टर्न नाही, ओव्हरटेक नाही, हॉर्न वाजवू नका, ताशी ५० च्या पुढे नको. निळे भरीव वर्तुळ काय करायलाच हवे ते सांगते, उदाहरणार्थ डावीकडेच वळा. लाल कडेचा, टोक वर असलेला त्रिकोण पुढच्या धोक्याची सूचना देतो. त्यात वळण, अरुंद पूल, शाळा, घसरडा रस्ता, दरड, गुरे असे सगळे काही येते. निळी चौकोनी पाटी माहिती देते: पेट्रोल पंप, रुग्णालय, पार्किंग. या रीतीतून दोन चिन्हे मुद्दाम बाहेर ठेवलेली आहेत. ‘थांबा’ची पाटी अष्टकोनी असते आणि ‘रस्ता द्या’चा त्रिकोण उलटा, टोक खाली असलेला. चिखलाने किंवा पोस्टरने अक्षरे झाकली गेली, तरी नुसत्या बाह्यरेषेवरून ती ओळखता यावीत, हा त्यामागचा हेतू. आपल्याकडच्या पाट्यांवर वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक ज्या उत्साहाने लटकतात, तो पाहता ही दूरदृष्टी वाया गेलेली नाही.

उमेदवार हमखास चुकतात ते ‘नो पार्किंग’ आणि ‘नो स्टॉपिंग’ या जोडीत. दोन्ही निळी वर्तुळे, दोन्हींना लाल कड. एका तिरक्या लाल रेघेचे चिन्ह गाडी उभी करून ठेवायला मनाई करते. दोन रेघांची फुली असेल तर प्रवासी उतरवण्यापुरतेही थांबता येत नाही. दुसरी जोडी रस्त्यावरच्या पट्ट्यांची. मधली तुटक पांढरी रेघ सुरक्षित असेल तेव्हा ओलांडता येते, सलग रेघ ओलांडायची नाही, आणि सलग पिवळ्या दुहेरी रेघांना तर भिंतच मानायचे. एका बाजूला सलग आणि दुसऱ्या बाजूला तुटक अशी जोडरेघ असेल, तर आपल्या बाजूची रेघ कोणती ते पाहायचे.

सिग्नलचे तीन रंग लहान मुलालाही माहीत असतात, पण परीक्षेत विचारतात ते त्यांच्या मधले. पिवळा दिवा घाई करण्यासाठी नसतो. थांबरेषेच्या इतके जवळ आलो आहोत की सुरक्षितपणे थांबणे शक्यच नाही, अशा वेळीच पिवळ्यावर पुढे जायचे. रात्री उशिरा अनेक चौकांत दिवा नुसता उघडझाप करत असतो. उघडझाप करणारा लाल म्हणजे आधी पूर्ण थांबा, पाहा, मग जा. पिवळा म्हणजे वेग कमी करून सावधपणे जा. चौकात हवालदार उभा असेल तर सिग्नल काहीही दाखवत असला, तरी त्याचा हात प्रमाण मानायचा. लाल दिव्याला झेब्रा क्रॉसिंगच्या आधीच्या थांबरेषेमागे थांबायचे असते. पट्ट्यांवर पुढचे चाक ठेवून उभे राहण्याची आपल्याकडची सवय कायद्याने उल्लंघनच आहे.

रस्त्याच्या बाकीच्या नियमांकडे नीट पाहिले तर एक सूत्र दिसते. समोरच्याला आपण आता काय करणार आहोत ते आधी कळले पाहिजे. डावीकडून चालणे, उजवीकडून ओव्हरटेक करणे, वळण्याआधी इंडिकेटर देणे, आधीपासूनच योग्य लेनमध्ये येणे या सगळ्यांचा उगम तिथे आहे. ओव्हरटेक उजवीकडूनच करायचे. पुढचा उजवीकडे वळण्याची खूण देऊन रस्त्याच्या मध्यावर आला असेल, तर त्याला डावीकडून पार करायला हरकत नाही. वळणावर, चढाच्या माथ्यावर, अरुंद पुलावर, चौकात आणि झेब्रा क्रॉसिंगजवळ ओव्हरटेक करायचे नाही, कारण तिथे समोरचे दिसत नाही किंवा अचानक कोणी आडवे येते. मागून कोणी ओव्हरटेक करत असेल तर आपला वेग वाढवायचा नाही, हा नियम फारच थोड्यांना ठाऊक असतो, आणि ठाऊक असूनही पाळणारे त्याहून थोडे.

आपल्या रस्त्यांवर काही खासगी खुणाही रूढ आहेत आणि त्या या सूत्रालाच छेद देतात. काही ट्रकचालक मागच्याला ‘ये, पुढे जा’ म्हणायला उजवा इंडिकेटर लावतात. तोच इंडिकेटर उजवीकडे वळायचे असतानाही लावला जातो, आणि मागच्याने दोन्हींपैकी कोणता अर्थ घ्यायचा ते नशिबावर सोडलेले असते. चौकातून सरळ जाताना चारही इंडिकेटर लावणे हाही असाच प्रकार. बाजूने पाहणाऱ्याला त्यांपैकी एकच दिसतो आणि गाडी वळणार असे वाटते. हे धोक्याचे दिवे गाडी बंद पडली किंवा ती इतरांना अडथळा ठरत असेल तेव्हासाठी असतात. हाताच्या खुणा आता कोणी फारशा वापरत नाही, तरी परीक्षेत त्या येतात. उजवा हात आडवा ताठ बाहेर काढला की उजवीकडे वळायचे आहे. हात आडवा ठेवून तळवा जमिनीकडे करत वरखाली हलवला की वेग कमी होतो आहे. इंडिकेटरचा बल्ब गेलेला असतो त्या दिवशी त्या खुणांची किंमत कळते.

आधी कोणी जायचे याचे नियम थोडके आहेत. सिग्नल किंवा पोलीस नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. छोट्या रस्त्यावरून मोठ्या रस्त्यावर येणाऱ्याने मोठ्या रस्त्यावरच्या वाहतुकीला वाट द्यायची. गोल चौकात शिरताना आत आधीच फिरत असलेल्या गाड्यांना वाट द्यायची. हे न झाल्यास आतली वाहने बाहेर पडू शकत नाहीत आणि चौक स्वतःतच अडकतो. झेब्रा क्रॉसिंगवर पादचाऱ्याचा हक्क आधी. रुग्णवाहिका आणि अग्निशमन गाडीला वाट न दिल्यास २०१९ नंतर कायद्यात दहा हजार रुपये दंड आहे. अरुंद घाटात चढणाऱ्याला प्राधान्य आहे. वरंधा, आंबोली यांसारख्या घाटांत उतरणाऱ्याने थांबायचे, कारण भार घेऊन चढणारी गाडी एकदा थांबली की पुन्हा उचलणे अवघड जाते आणि ती मागे घसरण्याचा धोका असतो. उतरणाऱ्याला फक्त ब्रेक दाबायचा असतो.

उताराबद्दलचा प्रश्न परीक्षेत हमखास असतो: गाडी न्यूट्रलमध्ये टाकून उतरावी का? उत्तर ‘नाही’ आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिन स्वतःच चाकांना रोखून धरते. न्यूट्रलमध्ये तो सगळा भार ब्रेकवर पडतो, ब्रेक तापत जातात आणि लांब उतारावर एका क्षणी त्यांची पकड उरत नाही. थोडे डिझेल वाचवण्यासाठी केलेली ही युक्ती बोरघाटासारख्या उतारावर अनेक गाड्यांच्या अपघाताचे कारण होऊ शकते.

वेगमर्यादा पाटीवर लिहिलेली असते. पाटी नसेल तिथे केंद्राने २०१८ मध्ये ठरवलेल्या कमाल मर्यादा लागू होतात: प्रवासी मोटारींसाठी द्रुतगती मार्गावर ताशी १२० किमी, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १००, शहरी हद्दीत ७०. राज्य सरकार आणि स्थानिक यंत्रणा त्या कमी करू शकतात आणि करतातही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना १०० ची मर्यादा आहे, घाटात त्याहून बरीच कमी, आणि दुचाकी-तिचाकींना तिथे प्रवेशच नाही. हे आकडे घोकण्यापेक्षा त्यामागचे गणित समजून घेतलेले बरे. ताशी ५० किमी वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सेकंदभर जातोच. त्यानंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर, ब्रेक चांगले असतील तर, आणखी सुमारे १४ मीटरवर गाडी थांबते. म्हणजे एकूण २८ मीटर. वेग दुप्पट केला की सेकंदभरातले अंतर दुप्पट होते, पण ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. १०० च्या वेगात हा सगळा हिशेब ८० मीटरच्या पुढे जातो. ओल्या रस्त्यावर तो आणखी लांबतो. म्हणून पुढच्या गाडीपासून अंतर मीटरांत मोजण्याऐवजी सेकंदांत मोजायला शिकवतात: पुढची गाडी ज्या खांबाजवळून गेली, त्याच खांबाशी आपण किमान दोन सेकंदांनी पोचायला हवे, पावसात त्याच्या दुप्पट.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातांत मरण पावली. त्यांतील सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या नोंदीखाली आहेत. महाराष्ट्राचा वाटा पंधरा हजारांहून अधिक. मृतांत सर्वांत मोठा गट दुचाकीस्वारांचा आहे. तरीही हेल्मेटचा विषय निघाला की पुण्यात हेल्मेटसक्तीच्या विरोधात कृती समित्या उभ्या राहतात. कायदा याबाबत स्पष्ट आहे. चार वर्षांवरील प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट बंधनकारक आहे. ते आयएसआय चिन्हाचे हवे आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला हवा. नुसते डोक्यावर ठेवलेले हेल्मेट आपटण्याआधीच निघून जाते. मोटारीत सीटबेल्टचे तेच. पुढे बसणाऱ्यांनाच तो लागतो, हा समज चुकीचा आहे. मागच्या सीटवरच्यांनाही तो बंधनकारक आहे.

दारूबद्दलची मर्यादा दर १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची आहे. तिच्या वर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. गाडी चालवताना हातात मोबाइल धरून बोलणे आता धोकादायक वाहन चालवण्याच्या कलमात मोडते. लायसन्स नसलेल्या अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली आणि गुन्हा घडला, तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही.

प्रश्नसंचात न येणारे धोके महाराष्ट्रात ऋतूंप्रमाणे बदलतात. गाळप हंगामात सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नगर भागांतल्या रस्त्यांवर रात्री उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या असतात. अनेकांच्या मागे दिवा नसतो, परावर्तक लावलेला असला तरी उसाच्या पाल्याआड गेलेला असतो. समोरून येणाऱ्याने हेडलाइटचा डिपर न वापरल्यास, म्हणजे प्रखर झोत खाली न केल्यास, त्या झोताआड ट्रॉली दिसतच नाही. जूनच्या पहिल्या पावसात रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ मिळून निसरडा थर होतो. दुचाकी घसरण्याचा धोका त्या दिवसांत विशेष असतो. आषाढी वारीच्या काळात पालखी मार्गांवरची वाहतूक वळवली जाते, तेव्हा नेहमीच्या पाट्यांपेक्षा पोलिसांच्या सूचना पाहूनच जावे.

रेल्वे क्रॉसिंगचा भाग थोडका आहे. फाटक किंवा फाटकवाला नसेल तिथे गाडी थांबवायची, सोबतच्या कोणाला तरी रुळांपर्यंत चालत जाऊन दोन्ही बाजू पाहायला सांगायचे आणि त्याच्या खुणेने गाडी पलीकडे न्यायची. सोबत कोणी नसेल तर चालकाने स्वतः उतरून पाहायचे. ब्रॉडगेज मार्गांवरची अशी सगळी क्रॉसिंग रेल्वेने २०१९ च्या सुरुवातीपर्यंत बंद केली किंवा तिथे माणूस नेमला. प्रश्न मात्र प्रश्नसंचात टिकून आहे.

गाडीसोबत लायसन्स, नोंदणी प्रमाणपत्र म्हणजे आरसी, विमा आणि पीयूसी हवी. व्यावसायिक वाहनाला परमिट आणि फिटनेसही लागते. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या ॲपवरची कागदपत्रे २०१८ पासून मूळ कागदपत्रांइतकीच ग्राह्य आहेत. मोबाइलच्या गॅलरीतला आरसीचा फोटो ग्राह्य नाही, आणि पोलिसांशी हुज्जत बहुधा त्यावरूनच होते. विम्यात किमान तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे: आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याला भरपाई मिळावी म्हणून. नव्या गाडीला पहिले वर्ष पीयूसी लागत नाही.

अपघाताबाबतचा नियम परीक्षेपुरता पाठ करून विसरण्यासारखा नाही. अपघातात कोणी जखमी झाले तर चालकाने त्याला वैद्यकीय मदत मिळवून द्यायची. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे. जमाव चवताळलेला असेल आणि थांबणे जिवावर बेतणार असेल, तर कायदा तेवढी सूट देतो. मात्र तेव्हाही लवकरात लवकर, चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. विमा कंपनीलाही लेखी कळवायचे असते. गंभीर दुखापतीनंतरच्या पहिल्या तासात उपचार मिळाले तर जीव वाचण्याची शक्यता सर्वाधिक असते, म्हणून या तासाची व्याख्याच २०१९ मध्ये कायद्यात घालण्यात आली. त्याच दुरुस्तीने मदतीला धावणाऱ्या तिऱ्हाइतालाही संरक्षण दिले. त्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही, आणि त्याने सद्भावनेने केलेल्या मदतीबद्दल त्याच्यावर खटला होऊ शकत नाही.

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालते. त्या काळात गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ लावायचा आणि शेजारी पक्के लायसन्स असलेला माणूस बसवायचा. दुचाकी शिकताना शिकवणाऱ्याखेरीज कोणालाही मागे बसवता येत नाही. पक्क्या परीक्षेला किमान तीस दिवसांनी बसता येते. तिथे दुचाकीला आठचा आकडा, मोटारीला मागे घेणे, चढावर थांबून पुन्हा निघणे, आरसे, इंडिकेटर आणि वळण्याची शिस्त पाहिली जाते. पुण्याजवळ भोसरीसारख्या ठिकाणी हे स्वयंचलित ट्रॅकवर होते. नापास झाल्यास सात दिवसांनी पुन्हा येता येते. तीनदा नापास झाल्यास साठ दिवस थांबावे लागते.

पक्के लायसन्स तिशीच्या आत मिळाले तर ते चाळिशीपर्यंत चालते. तीस ते पन्नासच्या दरम्यान मिळाले तर दहा वर्षे, पन्नास ते पंचावन्नच्या दरम्यान असेल तर साठीपर्यंत, आणि त्यानंतर दर वेळी पाच वर्षे. मुदत संपण्याआधी किंवा नंतर वर्षभरात नूतनीकरण होते. वर्ष उलटून गेले तर गाडी चालवण्याची परीक्षा पुन्हा द्यावी लागते.